अठ्ठावीस हजारांची वायर आणि टीव्हीची घूंऽऽ

दिवाळीच्या आधी मी स्टिरिओच्या एक मीटरच्या दोन वायरींना २८,००० रुपये मोजले. घरी ८ सांगितले होते, आता हे वाचल्यावर खरा आकडा कळेलच, असो.

सुरुवात झाली घुमण्यापासून. माझ्याकडे एक डॅक (डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करणारा डबा) आहे, त्यातून साध्या आरसीए पिननी (त्या लाल-पांढऱ्या) पॉवर अँप, तिथून स्पीकर. बरं चाललं होतं. मग टीव्हीचा आवाजपण स्टिरिओवर घेऊ म्हणून टीव्ही कोअॅक्सियल वायरनी (डिजिटल आवाजाची तांब्याची वायर) डॅकला जोडला आणि त्या दिवसापासून मागे सतत घूंऽऽ. मोठ्याने लावलं की कळत नाही, पण रात्री अकराला हळू आवाजात तानपुरा लावला की तानपुऱ्याच्या जोडीला ही पाचवी तार, तीही बेसूर.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर तुम्ही बॅलन्स्डवर या, आणि केबल चांगली घ्या, तुमच्या सिस्टिमला साजेशी." त्या शेवटच्या दोन शब्दांचे वीस हजार गेले. (बॅलन्स्ड म्हणजे एकच सिग्नल सरळ आणि उलटा असा दोन तारांतून नेणारी जोडणी, ते पुढे येतंच.) जाड वेणी घातलेली वायर, लाकडी पेटीत, मखमलीत, दागिन्यासारखी. सोबत सूचना की १०० तास वाजू द्या मग ती मोकळी होते. आणि वायरवर बाण, सिग्नल कुठल्या दिशेने जायचा ते दाखवायला. आता बॅलन्स्डला लागते ती तीन काड्यांची कॅनन (एक्सएलआर) पिन, तिला एका टोकाला मेल असते दुसऱ्याला फिमेल, उलटी लावायची म्हटली तरी लागणार नाही, तरी बाण.

लावली. घूं गायब! आणि नुसती घूंच गेली नाही, सगळंच भरीव झालं, तबल्याचा बायाँ पोटात लागायला लागला. मी दोन दिवस हवेत. ग्रुपवर टाकलं पण, "पडदा उठल्यासारखं वाटतंय" वगैरे. (ते डिलीट केलंय.)

माझा एक मित्र नाटकांना साउंड देतो, त्याला हौसेने बोलावलं. त्याने पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "व्हॉल्यूम कुठे होता आधी?" मी म्हटलं नॉब इथेच, घड्याळातल्या दहाच्या जागी, हातसुद्धा लावला नाही. तो म्हणाला मग तर झालंच, मल्टिमीटर आण.

१०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरलं. आरसीएवर १.४ व्होल्ट, नॉब न हलवता कॅननवर २.८. बरोबर दुप्पट म्हणजे ६ डेसिबल. बहुतेक डॅकमध्ये हे असंच असतं, आरसीएला २ व्होल्ट देतात आणि बॅलन्स्डला ४. आणि जरा मोठं वाजलं की आपल्याला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं, भरीव, जिवंत वगैरे. दुकानात डेमो देताना हे कोणी मुद्दाम करत असेल असं मी म्हणत नाही, पण मीटर मात्र कोणी लावत नाही हे खरं.

पण घूं गेली होती ना, ती तर खरी गेली होती. म्हणून बॅलन्स्ड म्हणजे थाप असं नाहीये, उलट ही फार जुनी आणि फार हुशार कल्पना आहे. ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी दोन तारांना पीळ घालायचं पेटंट १८८१ सालीच घेतलंय, कारण शेजारच्या तारांची कुरकुर लाइनीत शिरायची. पीळ घातला की बाहेरची कुरकुर दोन्ही तारांत सारखीच शिरते. कॅनन पिनमध्ये १ नंबर शील्ड (तारांभोवतीचं जाळीचं कवच), २ वर सिग्नल, ३ वर तोच सिग्नल उलटा. पुढे अँप २ मधून ३ वजा करतो, सिग्नल राहतो आणि दोघांत सारखी शिरलेली घाण उडते. माझ्याकडे टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर, ती बिल्डिंगमध्ये कुठेतरी तिसरीकडेच अर्थ झालेली, आणि अँप तीन पिनच्या प्लगने घरच्या अर्थला, अशी दोन अर्थची गोल लूप बनली होती. आरसीएमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे लूपचा घरच्या विजेचा ५० हर्ट्झवाला करंट तिथूनच फिरतो आणि थेट गाण्यात मिसळतो. बॅलन्स्डमध्ये शील्ड सिग्नलच्या वाटेत येतच नाही.

आता यातली मेख अशी की ही वजाबाकी वायर करत नाही, अँपच्या आतला इनपुट करतो. तिथले रेझिस्टर एकमेकांशी किती तंतोतंत जुळलेत त्यावर घाण किती उडणार ते ठरतं. वायरने फक्त दोन सारख्या तारा नीट पिळून आणि वर बऱ्यापैकी शील्ड एवढंच द्यायचंय. आणि मागे कॅननचं भोक असलं म्हणजे आत बॅलन्स्ड असेलच असंही नाही! मित्राने त्याच्या ओळखीच्या एका महागड्या प्रीअँपच्या आउटपुटवर, मशीन बंद करून, १ आणि ३ नंबरला मीटर लावलं होतं तर टीऽऽ वाजलं, म्हणजे ३ नंबर सरळ ग्राउंडला शॉर्ट, उलटा सिग्नल नाहीच. त्याला लाखाची वायर लावा नाहीतर कपडे वाळत घालायची दोरी.

मित्र शिव्या घालत म्हणाला, "अरे माझी केबल स्टेजपासून कन्सोलपर्यंत पन्नास मीटर जाते, बाजूने डिमरच्या वायरी, आणि आत माईकचे काही मिलिव्होल्ट. तिथे बॅलन्स्ड लागतंच. तुझं एक मीटर आणि ४ व्होल्ट." पुढच्या शनिवारी मला पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ घेऊन गेला. तिथे माईकची चार तारांची वायर मीटरवर कापून मिळते, तिला स्टार क्वाड म्हणतात, आणि न्यूट्रिकचे चार कनेक्टर. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. सोल्डरिंग मी केलं, पहिल्या पिनचं प्लास्टिक वितळवलं आणि कनेक्टरचा मागचा बूट आधी वायरीत घालायचा विसरलो म्हणून एक टोक परत उसवलं. हे प्रत्येकाचं एकदा होतंच म्हणे.

घूं? नाही. तशीच गायब.

मग आवाजात फरक आहे का हे बघायला बायकोला बसवलं. दोन्ही कॅननच असल्याने लेव्हल सारखीच, तरी मीटरने बघून घेतली. ती नाणं उडवून वायर बदलणार किंवा नुसतं बदलल्याचं नाटक करणार, मी पाठ करून बसणार आणि बदलली की नाही ते ओळखणार, असं दहा वेळा. आम्ही आधीच ठरवलं की नऊ बरोबर आले तर महागडी ठेवायची, कारण नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त यायची शक्यता शंभरात एक. सहा आले. वर ती म्हणाली, "चौथ्याला तू तानपुऱ्याची जवारी किती मोकळी झाली म्हणून मान डोलावत होतास ना, तेव्हा मी हातच लावला नव्हता."

हिशोबही तेच सांगतो. मीटरभर वायरची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) १०० पिकोफॅरड धरा, डॅकचा आउटपुट इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) १०० ओहम धरा, तर वरचं टोक कापलं जायला सुरुवात होते १६ मेगाहर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झ, आणि माझा सेहेचाळिशीचा त्याच्याही बराच खाली.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलेली गोष्ट अजून पुढेच आहे. मित्र जाता जाता म्हणाला, टीव्हीची कोअॅक्सियल काढून ऑप्टिकल लाव, त्यातून उजेड जातो, करंट जातच नाही, लूपच तुटते. ४०० रुपयांची वायर आणली. मग मुद्दाम जुनी आरसीए परत लावून बघितली तर घूं नाही. म्हणजे मुळात बॅलन्स्डवर जायचीही गरज नव्हती.

दुकानदार वायर परत घेत नाही, "पेटी उघडली ना सर." मग मित्राला दिली, म्हटलं निदान नाटकात माईकला तरी लाव. आठवड्याने परत आणून दिली, म्हणे एक मीटर आहे, पुरत नाही, आणि इतकी ताठ आहे की गुंडाळताच येत नाही.

लाकडी पेटीत सध्या बायकोने शिवणाचे दोरे ठेवलेत.