टेबलाचा खण

सोमवार, रात्र. वीज गेलेली.

सईचा गुडघा नुसता मुरगळलाय. तुटलं-फाटलं काही नाही. दोन-तीन दिवस बर्फ, आराम, मग व्यायाम. हे ऐकून दादा कुडाळच्या त्या डॉक्टरांसमोरच मटकन खुर्चीत बसला. एवढं लिहून वही मिटायला हवी. पण दुपारपासून मी माझाच गुडघा चाचपतेय.

सईला टेबलावरून उतरवताना मी वळले आणि नेहमीसारखा पाय आतल्या आत सटकला. टेबलाची कड धरली, सवयीनं. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही बसा जरा वर."

माझं काही नाही, जुनं आहे, म्हटलं.

"किती जुनं?"

२००६. मार्च. जत्रेतली मॅच.

"चढाईत की पकडीत?"

चढाईत. परत फिरताना. धरलं कुणीच नव्हतं.

पोरगेलासाच डॉक्टर. खो-खो खेळलेला, कोपराला खांबावर घासल्याची खूण अजून आहे. त्यानं माझा उजवा पाय गुडघ्यात दुमडून ठेवला आणि चक्क माझ्या पावलावर बसला. दोन्ही हातांनी गुडघ्याखालून धरून नडगी पुढे ओढली. ती आली. डावी ओढली, जागची हलली नाही. परत उजवी. पावसात आमच्या टेबलाचा खण दोन माणसांनी ओढला तरी उघडत नाही, आणि माझा गुडघा एका पोरानं बोटांनी उघडला.

"पडताना कट्‌ असा आवाज आला होता ना?"

हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. मी हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. दादा बघत होता म्हणून.

आतलं लिगामेंट तुटलंय. तेव्हाच. ते आपोआप जोडून येत नाही. ते नसलं तरी सरळ चालता येतं. पाणी भरता येतं, घाटी चढता येते, लग्नात वाढता येतं. पण पाय रोवून अंग फिरवलं की नडगी जागेवर राहत नाही. आणि चढाईत दुसरं असतं काय, फिरणंच की.

म्हणून तर सगळे म्हणायचे. विहिरीवर जाताना बरी असते, मैदानात उतरली की पाय दुखतो. "तिका काय एक जावक नाय, नाटकां करता नुसती." कोण म्हणालं ते लिहीत नाही. एक जण असता तर लिहिलं असतं.

नाटकी. दशावतार ज्या गावात रात्रभर जागून बघतात तिथे हा शब्द शिवी म्हणून वापरतात, हेही एक गंमतच. संकासुराचं सोंग चाललं असतं गावाला, माझं चाललं नाही.

डॉक्टरांनी एक नाव सांगितलं होतं, ते वीज जाईपर्यंत मोबाइलवर वाचत बसले. रिचर्ड स्टेडमन. टेक्सासचा. कॉलेजात बेअर ब्रायंट नावाच्या फार कडक कोचच्या हाताखाली फुटबॉल खेळला, त्यांचा तो अंगावर धडकायचा फुटबॉल. मग हाडांचा डॉक्टर झाला. बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंचे पाय दुरुस्त करायचा. फिल मेअर म्हणून एक होता, १९७९ मध्ये घोटा मोडला, यानं पट्टी आणि स्क्रू बसवले, आणि पुढच्याच वर्षी तो ऑलिम्पिकचं रौप्यपदक घेऊन आला. झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडाला बारीक बारीक भोकं पाडायची, आतल्या मज्जेतून रक्त येऊन तिथे नवी साय धरते, ही युक्तीही त्याचीच. (साय हा शब्द माझा. दुसरा सुचेना.) आणि ऑपरेशननंतर प्लास्टरमध्ये पाय कोंडून ठेवायचे दिवस होते तेव्हा हा म्हणे लगेच हलवायला लावायचा.

माझा दीड महिना बांधून ठेवला होता. पाला वाटून लावला, वर बांबूच्या कामट्या. सोडला तेव्हा मांडी शेवग्याच्या शेंगेएवढी. आई रडली होती, पण ते चुलीच्या धुरानं.

त्याच्याकडेच मायकेल ओवेन गेला होता. इंग्लंडचा. २० जून २००६, फुटबॉलचा वर्ल्ड कप, स्वीडनशी मॅच, पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला. माझ्यानंतर तीनच महिन्यांनी! व्हिडिओ बघितला. त्यालाही कुणी धक्का मारलेला नाही. पाय रोवला, अंग फिरलं, खाली. मग तो रांगत रांगत रेघेबाहेर गेला. स्टेडमननी ऑपरेशन केलं आणि पुढच्या वर्षी हा मैदानात हजर. मी पुढच्या वर्षी अंगणवाडीच्या मदतनीस पदाचा अर्ज भरत होते.

व्हिडिओ तीनदा बघितला. ओवेनसाठी नाही, त्या रांगण्यासाठी.

कारण पाय गेला हे आज कागदावर आलं. हाताचं काय? मी पडले तिथून मध्यरेषा हातभर होती. हातभरच. सर नंतर तेच म्हणाले, "हात तरी टाकायचास." मी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले होते आणि त्या सातजणी अंगावर येऊन पडल्या. ओवेननं रेघ गाठली. मी गाठली नाही. ते लिगामेंट हातात नसतं, एवढं मलाही कळतं.

म्हणजे थोडी नाटकी होते का मी? की घाबरट? की नुसतं दुखत होतं?

आज सरांकडे जाऊन कागद दाखवावा असं वाटलं होतं. कुडाळहून येताना एसटीत अख्खं भाषण तयार केलं. मग आठवलं, सरांना आता नीट दिसत नाही, आणि मला ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. इंग्रजीत आहे. अक्षरही डॉक्टरांचंच. जाऊ दे.

आणि ओवेनला तरी रेघेबाहेर जाऊन काय मिळालं? त्यांच्या खेळात त्याला गुणसुद्धा देत नाहीत.

ऑपरेशन अजूनही होईल म्हणाले, पण आधी एमआरआय. आतली गादी किती झिजलीय ते बघावं लागेल. दादा लगेच खर्चाचं विचारायला लागला. मी म्हटलं, मला कुठे चढाई करायचीय, मला फक्त अंगणवाडीच्या पायऱ्या उतरायच्यात. तो हसला. मग डॉक्टर हसले. मी म्हणाले ते हसण्यासाठी नव्हतं, पण ठीक आहे.

फ्रीज बंद. सईसाठी ठेवलेल्या बर्फाचं पाणी होत आलंय. आतून हाका चालल्यात, "आते, दुखता गो! आते, लवकर ये!" सकाळी मुरगळलाय म्हटल्यावर उड्या मारत रिक्षात बसली होती.

नाटकी कुठली, असं तोंडात आलंच होतं.