तुम्ही विचारलंत म्हणून

"मुलगी नववीत गेली, अजून पालकसभेला जाता?" सोसायटीच्या फाटकाशी हे मला बरेचदा विचारतात. हो, जाते. शनिवारी अर्धी रजा टाकून कोथरूडहून सदाशिव पेठेतल्या तिच्या शाळेत.

थोरल्याच्या वेळी तो नववीत गेल्यावर मी सभेला जाणं थांबवलं होतं. मुलगा मोठा झाला, क्लास लावलाय, आता बाईंना काय विचारायचं, असं वाटायचं. त्या सप्टेंबरात त्याला डेंगी झाला, दहा दिवस शाळा बुडली. नेमक्या त्याच दिवसांत वर्गात त्रिकोणांची एकरूपता शिकवून झाली. बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा, दोन त्रिकोण तंतोतंत सारखे आहेत हे ठरवायच्या कसोट्या, सगळं. बरा होऊन गेला तेव्हा वर्ग पुढे सरकलेला. मी "कसं चाललंय?" विचारायची, तो "चाललंय" म्हणायचा.

जानेवारीत बाईंनी बोलावून वही दाखवली. चौकोनाच्या सिद्धता पाठ करून ओळीनं लिहिलेल्या, अक्षर सुरेख, पण कंसातली कारणं कोरी. समांतरभुज चौकोनाच्या संमुख भुजा एकरूप का, तर कर्णानं झालेले दोन त्रिकोण कोबाको कसोटीनं एकरूप म्हणून. तेच त्याला माहीत नव्हतं. "सगळ्यांसमोर कोबाको म्हणजे काय, असं कसं विचारू?" म्हणाला. चार महिने हे ओझं एकट्यानं वागवलं त्यानं. क्लासमध्ये त्यांच्या चाचण्या व्हायच्या. शाळेची वही तिथं कोण बघतं? बघायला हवी होती मी.

दहावीच्या भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपता (लहानमोठ्या पण एकाच घडणीच्या आकृत्या), तिथं एकरूपता कच्ची राहून कसं चालेल? आणि भूमितीचा पेपर 40 गुणांचा. मे महिनाभर जुन्या लग्नपत्रिकांचे त्रिकोण कापून, एकावर एक ठेवून आम्ही दोघं एकरूपता शिकलो. मीही विसरलेच होते.

तेव्हापासून सभेत मी गुणांचं फारसं विचारत नाही. कोणतं प्रकरण चालू आहे, मुलगी वर्गात काही विचारते का, गैरहजेरीत काय बुडालं, एवढंच. घरी तिच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून राहत नाही, तिचा मोबाइलही उघडत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तेवढी मोकळीक हवीच. पण बाई मला नावानं ओळखतात, हे तिला माहीत आहे. परवा तिनं आपणहून सांगितलं, "आई, वर्तुळाची जीवा अडलीये, सभेत बाईंना सांगशील?"

तुमचा मुलगाही नववीतच ना? पुढची सभा या शनिवारी आहे. साडेनऊला निघते मी, स्कूटरवर मागची सीट रिकामीच असते.