मायसेटोमा: सगळं त्या दाण्यावर आहे

पायावर कडक, न दुखणारी सूज, तिच्यात वाहणारी भोकं आणि पुवातून बाहेर पडणारे बारीक दाणे, म्हणजे जंतूंचे घट्ट गोळे. ही तिन्ही एकत्र दिसली की मायसेटोमा, म्हणजे मदुरा फूट, आठवायलाच हवा. अनवाणी पायात काटा मोडतो, त्याच्याबरोबर मातीतला जंतू आत शिरतो आणि सूज दिसायला कधीकधी वर्षं जातात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टरने १८६० च्या सुमारास हा बुरशीचा आजार असल्याचं मांडलं. ते अर्धंच खरं होतं, कारण ॲक्टिनोमायसीट गटातले जिवाणूही हुबेहूब असाच पाय करतात. दोघांची औषधं मात्र वेगळी, म्हणून लॅबने आधी एवढंच सांगावं: बुरशी की जिवाणू?

भोकाच्या तोंडावरून घेतलेला स्वॅब जवळजवळ निरुपयोगी. त्यात त्वचेवरचा नेहमीचा जिवाणू, स्टॅफिलोकॉकस, वाढतो आणि रिपोर्टही तसाच जातो. खोलवरची बायोप्सी हवी. तिचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (ते ऊती टिकवतं, पण जंतू मारतं), दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखणं, संपलं.

दाणे सलाईनमध्ये पुन्हापुन्हा धुवायचे. यात आळस केला की प्लेट दुसऱ्याच जंतूंनी भरते. मग एक दाणा १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये दोन स्लाईडच्या मध्ये चिरडायचा. काळा दाणा कडक असतो, त्याला वेळ द्या. तंतू २ ते ५ मायक्रॉन किंवा जाड असतील तर बुरशी. १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक आणि ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगात जांभळे) असतील तर ॲक्टिनोमायसीट. १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड वापरून केलेल्या सौम्य ॲसिड-फास्ट रंगात (ॲसिडने धुतल्यावरही लाल टिकतो का, ते बघायचं) दोन ॲक्टिनोमायसीटांपैकी नोकार्डिया बहुधा लाल राहतो, ॲक्टिनोमॅड्युरा राहत नाही. दाण्याच्या रंगावर फार विसंबू नका: काळा दाणा बुरशीचा, लाल ॲक्टिनोमॅड्युरा पेलेटिएरीचा, पण पांढरा किंवा पिवळसर दोघांचाही असू शकतो.

कल्चरला दोन संच लावा. एका साबुरो मीडियममध्ये (बुरशी वाढवायचं खाद्य) क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक, ते बुरशीसाठी. दुसरा जिवाणूंसाठी, अँटिबायोटिकविना, नाहीतर ज्याला शोधताय तोच मरतो. नको त्या बुरशी रोखायला मीडियममध्ये घालतात ते सायक्लोहेक्झिमाइड टाळलेलं बरं, फ्युझेरियमसारख्या बुरशी त्याने दबतात. बुरशीच्या प्लेट २६ ते ३० आणि ३७ अंश अशा दोन्ही तापमानांना ठेवा; मॅड्युरेला मायसेटोमॅटिस, काळ्या दाण्याची नेहमीची बुरशी, ३७ ला चांगली वाढते, पण सगळ्यांचं तसं नाही. चार ते सहा आठवडे प्लेट फेकू नका. मॅड्युरेला मीडियममध्ये तपकिरी रंग सोडते, बीजाणू मात्र सहसा देत नाही. त्यामुळे नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून नाव देणं धोक्याचं. खात्रीला आयटीएस सिक्वेन्सिंग, म्हणजे बुरशीच्या डीएनएचा ओळख पटवणारा भाग वाचणं, लागतं.

जिवाणू निघाले तर को-ट्रायमोक्साझोल, बऱ्याचदा जोडीला अमिकासिन, आणि अमिकासिन मूत्रपिंड व कानांना इजा करू शकतं म्हणून त्याबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) व श्रवण तपासणी. बुरशी निघाली तर इट्राकोनाझोल, रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, अनेक महिने, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियाही. सुदानमध्ये खार्तूमला आठवड्यातून एकदा घ्यायच्या फोसरॅव्ह्युकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाची चाचणी झाली ती याच रुग्णांसाठी.