देठाजवळचं भोक

आज लाकडाचं जाळीदार पान कापत होतो. देठाजवळ पातं ओवायला भोक पाडलं, आणि ते भोकच नक्षीपेक्षा मोठं झालं. पान तसंच हातात धरून बसलो.

माझ्या स्क्रोल सॉला, म्हणजे बारीक पातं वरखाली हलवून नक्षी कापणाऱ्या मशीनला, पिनवालंच पातं लागतं. टोकाची आडवी पिन आत जायला जवळपास 6 मिलिमीटरचं भोक हवं. बिनपिनचं पातं 1-2 मिलिमीटरमधूनही अलगद जातं.

शेजारी बसलेली लेक म्हणाली, "बाबा, तू मशीनला विचारून नक्षी काढतोस का?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. खरंच, कागदावर पेन्सिल टेकवतानाच मी बारीक जागा गाळत आलोय. कधीपासून, तेही आठवत नाही.

मशीनच्या थरथरीचं काही वाटत नाही. नट आवळले, खाली जाड रबर टाकलं की भागतं. 16 इंचांचा गळाही, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा, मला पुरतो. तेवढ्यासाठी नवं मशीन घेतलं नसतं. पण ही बारीक जाळी मला कापायचीच आहे. काही मशीनना बिनपिनच्या पात्याची पकड वेगळी बसवता येते, आधी ते करून बघतो. नाहीच जमलं तर नवं घेईन.

कुणी अशी पकड बसवलीय का? पातं ताणावर घट्ट राहतं की निसटतं?