तुम्ही विचारलंत म्हणून: मिग-21 मध्ये एवढं काय होतं?

मी हवाईदलात इंजिन फिटर होतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास विचारतं, "काका, मिग-21 मध्ये एवढं काय होतं हो? आणि एवढं भारी होतं तर इतकी पडली कशी?" दोन्ही प्रश्न एका दमात येतात. भात येईपर्यंत उत्तर पुरं होत नाही, आणि अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही. म्हणून लिहितो आहे.

आमच्या भागात हा प्रश्न विचारला जाणं साहजिकच आहे. नाशिकजवळच्या आमच्या ओझरला अजून कितीतरी जण 'ओझर मिग' म्हणतात. 1962 च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1964 साली इथे कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. अशी 600 हून जास्त मिग-21 लढाऊ विमानं आपल्या देशात तयार झाली. आमच्या कित्येक घरांच्या चुली या विमानावर पेटल्या.

आता पहिला प्रश्न. मिग-21 समजून घ्यायचं तर ते कशासाठी जन्माला आलं ते आधी बघावं लागतं. 1950 चं दशक. रशियाला भीती होती अणुबॉम्ब घेऊन फार उंचावरून येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांची. रडारवर तो ठिपका दिसला की काही मिनिटांत तिथवर चढायचं, क्षेपणास्त्र सोडायचं आणि घरी यायचं. एवढं एकच काम. त्या कामाला लागत नाही ते सगळं रशियन अभियंत्यांनी काढून टाकलं. राहिलं ते म्हणजे एक मोठं इंजिन, त्याच्याभोवती घट्ट बसवलेली नळी आणि दोन्ही बाजूंना पातळ त्रिकोणी पंख. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी जेमतेम 7.15 मीटर. इंजिन काढायचं झालं तर विमानाचा मागचा भाग सोडवून मागे ओढायचा आणि मग इंजिन बाहेर घ्यायचं. इतकी घट्ट ती बांधणी.

मी जास्त काम केलं ते 'बिस'वर, म्हणजे मिग-21 च्या नंतरच्या, सुधारलेल्या प्रकारावर. त्याच्या आर-25 इंजिनाची एक गंमत मला अजून सांगावीशी वाटते. साधं रिहीट, म्हणजे मागच्या नळीत जादा इंधन जाळणं, बऱ्याच लढाऊ विमानांत असतं. आर-25 मध्ये त्याच्यावर आणखी एक टप्पा होता. 4,000 मीटरच्या खाली, फार तर तीन मिनिटं. तेवढ्या वेळात हे इंजिन सुमारे 9,900 किलोचा रेटा द्यायचं, आणि विमानाचं नेहमीचं उड्डाणाचं वजन होतं सुमारे 8,700 किलो. म्हणजे वजनापेक्षा रेटा जास्त! चढण्याचा वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटर. आपल्या कळसूबाईएवढी उंची सात-आठ सेकंदांत. 1970 च्या दशकात तयार झालेल्या इंजिनाबद्दल हे सांगतो आहे. ते पूर्ण रेट्यावर गेलं की धावपट्टीच्या कडेला उभ्या माणसाच्या बरगड्या थरथरायच्या. तो आवाज मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा ऐकलेला नाही.

उंचावर गेलं की वेग आवाजाच्या दुपटीवर, ताशी जवळपास 2,175 किलोमीटर. त्या हिशेबाने ओझरहून मुंबई पाच मिनिटांच्या आत. पण तो वेग फार वेळ टिकवायला इंधन कुठे होतं? आत तीन हजार लिटरही मावायचं नाही. उडालेलं विमान अर्ध्या-पाऊण तासात खाली दिसायलाच हवं. आम्ही जमिनीवरची माणसं घड्याळाकडे बघत उभी असायचो ती म्हणूनच.

रडारही छोटं. नाकातल्या ज्या सुळक्यातून ते बघायचं, तो सुळका इंजिनाला मिळणारी हवा आवरण्यासाठी वेगाप्रमाणे पुढेमागे सरकायचा. त्यात मावून मावून रडार केवढं मावणार? म्हणून जमिनीवरचा नियंत्रक वैमानिकाला बोट धरून न्यावं तसा शत्रूपर्यंत न्यायचा. ज्या कामासाठी विमान बनलं होतं, त्याला ते पुरेसं होतं.

आपण मात्र त्याला दुसरीच कामं सांगितली. आणि ती त्याने केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1965 च्या युद्धात विंग कमांडर वॉलन यांनी पाकिस्तानच्या एका सेबर लढाऊ विमानावर दोन क्षेपणास्त्रं सोडली. दोन्ही चुकली, आणि पुढे मारायला विमानात तोफच नव्हती. त्या मॉडेलच्या रशियन आराखड्यात तिची गरजच मानली नव्हती. त्यातून शिकून पोटाखाली 23 मिलिमीटरची जोडनळीची तोफ टांगली गेली. 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी त्याच तोफेने पाकिस्तानचं एफ-104 स्टारफायटर समुद्रात पाडलं. एफ-104 म्हणजे अमेरिकेने याच कामासाठी, याच वेगासाठी बनवलेलं विमान. दोनच दिवसांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर मिग-21 नी रॉकेटं मारली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहून दिला. उंचावर बॉम्बर रोखायला बनलेल्या विमानाने भर शहरात एका इमारतीवर नेमका मारा केला होता. आमच्यापेक्षा जुने वॉरंट ऑफिसर हे सांगायला लागले की चहा गार व्हायचा.

आता दुसरा प्रश्न. तो मला टाळायचा नाही.

जे पंख वेगाला चांगले, तेच उतरताना कठीण. असला छोटा त्रिकोणी पंख कमी वेगात विमान तोलून धरत नाही. मिग-21 ला ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीवर यावं लागायचं, नाक वर, समोरचं नीट दिसत नाही, आणि टेकताच शेपटीची छत्री, आमच्या भाषेत टेल च्यूट, उघडायची. इंजिन एकच. ते कमी उंचीवर बंद पडलं तर विचार करायला सेकंद मिळायचे, मिनिटं नाहीत. अशा विमानात आपली विशीतली मुलं किरणसारख्या मवाळ प्रशिक्षण विमानावरून यायची. मधली पायरी म्हणजे हॉक प्रशिक्षण विमान. ते हवाईदलात आलं 2008 साली. तोवर दोन पिढ्या त्या पायरीशिवाय चढल्या.

2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले: घेतलेल्या सगळ्या प्रकारच्या 872 मिग विमानांपैकी 482 ना अपघात, 171 वैमानिकांचा मृत्यू. हे आकडे मला पाठ आहेत. 'उडती शवपेटी' हा शब्द ऐकला की मला राग येतो. आकडे खोटे आहेत म्हणून नाही. तो शब्द उच्चारला की सगळा दोष यंत्राच्या माथी जातो आणि बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात. हॉक यायला इतकी वर्षं का लागली? नवी विमानं वेळेवर का आली नाहीत? याला मिग-21 काय उत्तर देणार?

एका सकाळी मी एका वैमानिकाचे पट्टे आवळायला मदत केली, शिडी काढून घेतली आणि अंगठा वर केला. त्यानेही केला. ते विमान परत आलं नाही. तो कोण, कुठला तळ, हे लिहिणार नाही. त्या दिवशी पाऊण तास उलटून गेल्यावरही मी शिडी धरून उभा होतो. कुणीतरी येऊन ती माझ्या हातातून घेतली.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला शेवटचा निरोप झाला. 1963 साली पहिली स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली होती. हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडाले. मी ओझरला घरी टीव्हीपुढे बसलो होतो, नातू शेजारी होता. सगळे वैमानिकांकडे बघत होते. मी विमानांच्या आसपास निळ्या कपड्यांतल्या माणसांमध्ये शिडी कुणाच्या हातात आहे ते शोधत होतो.