दोनाचे चार कोअर झाले!

आज घरच्या पीसीचा प्रोसेसर बदलला. जुना होता २०११ चा आय३-२१२०, दोन कोअरचा, म्हणजे आत काम करणारे दोन मेंदू असलेला. लेकीचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की माझं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, अडकायचं. नवीन मशीन परवडणारं नाही, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून वापरलेला, चार कोअरचा आय५-३४७० आणला, चौदाशे रुपयांत. प्रोसेसर बसतो तो मदरबोर्ड (एच६१) तोच ठेवला. मात्र बोर्डाने नवा प्रोसेसर ओळखावा म्हणून बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, आधीच जुन्या प्रोसेसरवर अपडेट करून घेतलं.

प्रोसेसरवरचा कूलर काढला तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. कापसाने हळूहळू पुसली. त्रिकोणाची खूण जुळवून चिप ठेवताना हात थरथरत होते, कारण सॉकेटमधली, म्हणजे चिप बसते त्या खाचेतली, पिन वाकली की बोर्डच गेला. कूलरची चौथी खुंटी 'टक' करून बसली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, मॅडम आज एकदाही अडकल्या नाहीत."