तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं व्हिडिओच काढत बसली तर शिकणार कधी?

पालकसभा असो की लग्नाची पंगत, मला हमखास कोणीतरी गाठतं, "मॅडम, तुमच्या वर्गात मुलं मोबाईलवर व्हिडिओ काढतात म्हणे, मग अभ्यास कधी?"

आठवीला विज्ञान शिकवते मी. मागच्या वर्षी एका ग्रुपला चंद्राच्या कला दिल्या. पाच जणांत एक मोबाईल, व्हिडिओ दीड मिनिटाचा, आणि स्क्रिप्ट आधी वहीत लिहायची. त्यांनी लिहिलं, 'पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो.' (हसू नका, बीएड झालेल्यांकडूनही ऐकलंय हे.) मी लाल पेन उघडलंच नाही, म्हटलं करा शूट.

खिडक्यांना सतरंज्या लावल्या, टॉर्च म्हणजे सूर्य, कपाटातला पृथ्वीगोल, आणि काठीला खोचलेला पांढरा प्लास्टिकचा बॉल. अष्टमीचा चंद्र करायला गेले तर बॉल आडबाजूला आणि पृथ्वीची सावली भलतीकडेच, मागच्या भिंतीवर. बॉल सावलीत आणायचा तर पृथ्वीच्या मागे न्यावा लागतो, पण तिथे तर पौर्णिमा! अख्खा तास भांडणात गेला. बरं, बाजूने शूट केलं की बॉल कुठेही न्या, टॉर्चकडची अर्धी बाजू उजळलेलीच, कला दिसतच नाहीत. शेवटी एकीने पृथ्वीगोल उचलून खाली ठेवला, त्याच्या जागी स्वतः मोबाईल धरून उभी राहिली आणि बॉलबरोबर जागेवर फिरली, तेव्हा स्क्रीनवर कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा सगळं ओळीने आलं. पौर्णिमेला तिचंच डोकं टॉर्चच्या आड यायला लागलं, तर बॉल जरा वर धरला. मग मला येऊन विचारतायत, खरा चंद्रपण असाच वर-खाली असतो का? असतो की, त्याची कक्षा साधारण 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून तर दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

सगळ्या धड्यांना हे चालत नाही हां. धातू-अधातूचा व्हिडिओ पार फसला, पोरांनी व्याख्या पाठ करून कॅमेऱ्यासमोर म्हटल्या आणि मागे म्युझिक टाकलं. आवाजाचाही वैताग असतोच, पंखा बंद करा तर ग्राउंडवरची कबड्डी ऐकू येते. एडिटिंगला मी एकच तास देते, नाहीतर इफेक्टमध्येच दिवस जातो.

चंद्राचा व्हिडिओ मात्र दीड मिनिटावर बारा सेकंद गेला, कारण सुरुवातीला त्यांनी वहीतलं ते चुकलेलं वाक्य दाखवलंय, स्वतःच काट मारून. मी ते कापायला लावलं नाही.